इमामसाहेबांचा शेवट कुठे आहे?

'शोले' पुन्हा चर्चेत आला आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांत तो त्याच्या मूळ शेवटासह दाखवण्यात आला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो पहिल्यांदा प्रदर्शित झाला तेव्हा देशात आणीबाणी होती. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. एक माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉर बोर्डाला मान्य झाले नाही. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना शेवट नव्याने चित्रित करावा लागला. ऐनवेळी पोलीस येतात आणि गब्बर कायद्याच्या स्वाधीन होतो. पन्नास वर्षे आपण हाच शेवट पाहत आलो. आता मूळ शेवट पाहून लोक म्हणतात, "हाच खरा शेवट. आता समाधान झाले."

ठाकूरला त्याचा शेवट परत मिळाला, याचा आनंदच आहे. त्याचे दोन्ही हात गेले, घर उजाड झाले, त्याचा हिशेब त्याच्याच पायांनी पुरा व्हायला हवा होता, हे म्हणणेही रास्त आहे. परंतु याच रामगढमध्ये आणखी एक म्हातारा आहे. तो आंधळा आहे. त्याचा एकुलता एक मुलगा याच गब्बरने मारला आहे. त्या म्हाताऱ्याचा शेवट कुठे आहे? पन्नास वर्षांत तो कुणी शोधला का? इतरांचे सोडा, आपण तरी शोधला का?

चित्रपटाचा शेवट समाधान देतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटेल. आपल्या नियतकालिकांत शिक्षण, तलाक, आरक्षण, दंगली यांवर गंभीर लेख येत असताना सिनेमाच्या शेवटाची चिकित्सा कशाला, असेही कुणी म्हणेल. परंतु आपली मुले जी गोष्ट शंभर वेळा पाहतात, तिचा शेवट त्यांच्या मनात नियमासारखा बसतो. कुणी जगायचे आणि कुणी मरायचे, हे त्यांना तिथे शिकवले जाते. मी शिक्षिका आहे. पुस्तकात नसलेला धडा मुले कुठून शिकून येतात, हे पाहणे माझ्या कामाचाच भाग आहे.

आमच्या उर्दूत शेवटाला 'अंजाम' म्हणतात. या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. गोष्टीचा शेवट हा अंजाम आणि माणसाच्या करणीचे फळ हाही अंजाम. आपल्या घराघरांत दुसराही एक शब्द आहे. घरातली बुजुर्ग बाई नमाजनंतर दुआ मागते, "या अल्लाह, खातिमा बिलखैर कर." तिला सुखाचा शेवट नको असतो. दुखणे असेल, गरिबी असेल, मुले जवळ नसतील, तरी चालेल. मागणे एवढेच की, मी जशी जगले, ज्या इमानाने जगले, त्याच इमानावर माझा शेवट व्हावा. माझ्या मते चांगल्या शेवटाची याहून नेमकी व्याख्या कुठल्या समीक्षाग्रंथात मिळणार नाही. शेवट गोड असावा असे नाही, पण तो त्या माणसाचा स्वतःचा असावा. त्याने जे केले, जे सोसले, ज्यासाठी तो तडफडला, त्यातून तो निघालेला असावा. दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी तो त्याच्यावर लादलेला नसावा.

प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हामिद आठवा. जत्रेत इतर मुले खेळणी आणि मिठाई घेतात आणि हा पोरका मुलगा आजीचे हात भाजतात म्हणून तीन पैशांचा चिमटा घेऊन येतो. शेवटी आजी अमिना रडते. ती कथा दरवर्षी शिकवली तरी वर्ग दरवर्षी गप्प होतो. कारण तो शेवट हामिदने स्वतः विकत घेतलेला आहे. एका हिंदू लेखकाने लिहिलेला हा मुसलमान मुलगा कुणासाठी जीव देत नाही, कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. तो फक्त नातू असतो.

आमच्या भागातल्या साध्या प्रेक्षकालाही हे कळते. मी सिहोऱ्याची, तुमसर तालुक्यातली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. थंडीत घोंगडी पांघरून बसलेली माणसे पहाटेपर्यंत उठत नाहीत, ती अखेरच्या प्रवेशासाठी. खलनायक केवळ वेळ संपली म्हणून मेला, तर ही माणसे घरी जाताना शिव्या देतात. ज्या बाईला त्याने छळले तिच्यासमोर त्याला उभे केले नाही, तर नाटक फसले, असे स्पष्ट सांगतात. ज्याचे देणे त्याला मिळाले पाहिजे, हा त्यांचा साधा न्याय आहे. हाच न्याय आपण 'शोले'तल्या इमामसाहेबांना लावू.

अहमद हा इमामसाहेबांचा मुलगा. ती भूमिका आपल्या मराठी सचिनने केली आहे आणि इमामसाहेबांची ए. के. हनगल यांनी. अहमदला जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरी मिळणार असते. आंधळ्या बापाला एकटे सोडून जायला तो तयार नसतो. शेवटी समजूत काढल्यावर निघतो आणि वाटेतच गब्बरच्या तावडीत सापडतो. घोड्यावरून त्याचे प्रेत गावात येते.

भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला ही विडीच्या कारखान्याची गोष्ट परकी वाटणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे रानात जातात. विड्या वळून बोटे झिजलेल्या बाया आमच्या मोहल्ल्यांत आजही दिसतील. बालाघाटमार्गे जबलपूर आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. म्हणजे अहमद हा आमच्याच ओळीतला मुलगा. त्याला गावाचे रक्षण करायचे नव्हते की डाकूंशी लढायचे नव्हते. त्याला कामाला जायचे होते. त्याची गोष्ट सुरू होते ती रोजीरोटीची गोष्ट म्हणून. आणि संपते कशी? त्याच्या मरणाने जय-वीरूला गावात ठेवून घ्यायचे की नाही, हा वाद मिटतो. घाबरलेले गावकरी त्या दोघांना घालवून द्यायला निघालेले असतात. तेव्हा ज्याचा मुलगा समोर मरून पडला आहे, तोच बाप उठून त्यांची समजूत घालतो. या गावावरून ओवाळून टाकायला मला आणखी मुलगे का दिले नाहीस, असे तो अल्लाहला विचारायला निघतो. अजान होते आणि तो मशिदीकडे जातो.

थिएटरात त्या प्रसंगाला हुंदके येतात. आपल्या घरांतही येतात. हनगलांचा अभिनयच तसा आहे. परंतु डोळे पुसून जरा विचार करावा. मुलाचे प्रेत पडून काही क्षणही झालेले नाहीत आणि बापाचे दुःख दुसऱ्यांच्या कामाला लागले! त्याला रडायलाही उसंत नाही. आणि पुढे? त्या रात्री तो आंधळा माणूस घरी कसा गेला? त्याला भाकर कुणी दिली? गब्बर पकडला गेल्यावर, किंवा मूळ शेवटाप्रमाणे मेल्यावर, ती बातमी त्याला कुणी सांगितली का? ठाकूर आणि गब्बर समोरासमोर उभे राहतात. इमामसाहेबांना तिथे कुणी बोलावत नाही. शेवट बदलला, पुन्हा बदलला, मूळ शेवट परत आला, परंतु दोन्ही शेवटांत इमामसाहेब नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "अहो, जयही मरतोच ना? तो कुठे मुसलमान होता?" बरोबर. मरण ही माझी तक्रारच नाही. जयच्या मरणाचा हिशेब चित्रपट किती प्रेमाने मांडतो, ते पाहा. दोन्ही बाजूंनी सारखे असलेले ते नाणे शेवटी वीरूच्या हाती येते आणि जयने ठरवून मागे राहणे पत्करले होते, हे आपल्याला कळते. वीरू फोडलेला हंबरडा आपण ऐकतो. विधवा राधा खिडकी बंद करते आणि न उमललेले एक आयुष्य त्या खिडकीआड कायमचे मिटते. जयचा शेवट जयचा आहे. अहमदचा शेवट मात्र अहमदचा नाही. त्याने काही निवडले नव्हते, तो फक्त वाटेत होता. मरण दोघांनाही आले, शेवट एकालाच मिळाला. माझा वाद या फरकाशी आहे.

'शोले' हे केवळ ठळक उदाहरण झाले. हिंदी सिनेमाने गेल्या काही दशकांत आपल्यासाठी शेवटांचे दोन साचे तयार केले. पहिल्या साच्यात भला मुसलमान मरून आपला भलेपणा सिद्ध करतो. दुसऱ्या साच्यात वाट चुकलेल्या मुसलमानाला त्याच्या घरचेच माणूस मारते. 'फिजा' (२०००) मध्ये बहीण भावाला गोळी घालते. 'फना' (२००६) मध्ये बायको नवऱ्याला गोळी घालते. या गोळ्यांची मूळ आई मेहबूब खान यांची 'मदर इंडिया' (१९५७), हे उघड आहे. परंतु तिथली राधा स्वतःच्या मुलावर बंदूक रोखते ती गावातल्या मुलीच्या अब्रूसाठी, आणि ती राधा कशी बाई आहे हे आपण तोपर्यंत आख्खा चित्रपटभर पाहिलेले असते. नंतरच्या गोळ्या तशा नाहीत. त्या झाडल्या जातात तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात मारणारी उभी असते. निर्दोष सुटायचे असेल तर आपल्या माणसाचा जीव जामीन म्हणून भरावा लागतो.

'कुली'ची (१९८३) हकीकत तर बोलकी आहे. त्यातला इक्बाल हमाल, ७८६ क्रमांकाचा बिल्ला लावणारा, मूळ कथेत शेवटी मरणार होता. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला चित्रीकरणाच्या वेळी अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. देशभर मंदिरांत, दर्ग्यांत, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. ते वाचले. मग मनमोहन देसाईंनी शेवट बदलला आणि इक्बालला जगवले. ज्या नटासाठी लोकांनी देव पाण्यात ठेवले, त्याला पडद्यावर मारणे लोकांना रुचले नसते. म्हणजे इक्बाल जगला तो अमिताभच्या पुण्याईवर. आणि काय बिघडले? चित्रपट तुफान चालला. इक्बाल जगूनही लोकांचे समाधान झाले. मग इतर इक्बालांना मारल्याशिवाय समाधान होत नाही, हे कुणी ठरवले?

इथे आपल्यातले काही मित्र उत्साहाने माझ्या बाजूने बोलू लागतील. "बघा, हा सगळा बहुसंख्याकांचा डाव आहे!" त्यांना मी थांबवू इच्छिते. इमामसाहेब कुणी लिहिले? सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी. 'फिजा' कुणाची? खालिद मोहंमद यांची. म्हणजे पुष्कळदा ही कुऱ्हाड आपल्याच हातांनी चालली आहे. त्यांच्या प्रतिभेविषयी मला आदर आहे. 'शोले'सारखी बांधीव पटकथा पुन्हा होणे नाही. परंतु टाळ्या कशाला मिळतात, हे त्यांनाही ठाऊक होते. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही होतो. "निदान आपला चांगला माणूस तरी दाखवला," असे म्हणत आपण घरी आलो. चांगला, पण मेलेला! जिवंतपणी चांगला असलेला मुसलमान दाखवा, असे आपण कधी मागितलेच नाही.

सिनेमाचे एक वेळ सोडून देऊ. आपल्या साहित्याचे काय? १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपली गोष्ट आपण आपल्या शब्दांत सांगू, ही त्यामागची तळमळ होती. त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. आपल्या विशेषांकांतल्या आणि वार्षिकांतल्या कथा काढून बघा. दंगलीची कथा असेल तर शेवटी रहीमचाचा हिंदू शेजाऱ्याच्या लेकराला वाचवताना मरतो. मैत्रीची कथा असेल तर हॉस्पिटलमध्ये सलीमचे रक्त रमेशच्या शरीरात जाते आणि रक्ताचा रंग एकच, हे वाक्य येते. हेतू निर्मळ आहे, कळकळ खरी आहे. तरी मी म्हणेन की, या कथा नाहीत, या अर्जासोबत जोडलेल्या सत्यप्रती आहेत. वाचकाने वर शिक्का मारावा, 'चारित्र्य चांगले आहे'. रहीमचाचा मेला तेव्हा त्याच्या मनात काय होते? त्याला मरायचे नव्हते का? त्याच्या घरी पीठ होते का? मुलीच्या लग्नाचे किती कर्ज होते? हे आपण लिहीत नाही, कारण रहीमचाचा आपल्यालाही माणूस म्हणून नको असतो. आपल्याला त्याचा दाखला हवा असतो. हमीद दलवाईंच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे कडाक्याचे मतभेद आहेत. पण त्यांची 'इंधन' (१९६५) कादंबरी शेवटी कुणालाच असा स्वस्त दिलासा देत नाही, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नव्हती.

याचा परिणाम कुठवर पोचतो, ते सांगते. उर्दू माध्यमाच्या आमच्या मुलांना मराठी विषय असतो. त्यात अपूर्ण गोष्ट पूर्ण करायचा एक प्रकार असतो. मी आठवीच्या वर्गाला एक सुरुवात दिली. सलीम आणि रमेश हे दोन मित्र पावसाळ्यात वैनगंगेच्या काठी जातात, रमेशचा पाय घसरतो, पुढे लिहा. निम्म्याहून अधिक वह्यांत सलीमने रमेशला काठावर ढकलले आणि स्वतः वाहून गेला. काहींनी तर गावाने त्याचा पुतळा उभारल्याचेही लिहिले. ही मुले भातगिरणीवर काम करणाऱ्यांची, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत जाणाऱ्यांची, भंगार आणि फळे विकणाऱ्यांची. सगळी मुसलमान. एवढ्या सलीमांना त्यांनी एका तासात बुडवले! मी एका मुलाला विचारले, "सलीम को क्यूं मारा?" तो म्हणाला, "टीचर, फिर कहानी अच्छी कैसे होगी?" दुसऱ्याने खुलासा केला, "सलीम हीरो थोड़ी है."

तेरा वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवले? पाठ्यपुस्तकाने नाही, मौलवीसाहेबांनी नाही, मीही नाही. त्याने पाहिलेल्या शेवटांनी शिकवले. गोष्ट चांगली व्हायची तर आपण मेले पाहिजे, असे त्याला आतून वाटते आणि त्यात त्याला काही वावगेही वाटत नाही. त्याच वर्गातल्या एका मुलीने मात्र वेगळे लिहिले. तिच्या गोष्टीत सलीम फांदी पुढे करतो, दोघेही चिखलाने माखून वर येतात, पण सलीमची नवी चप्पल वाहून जाते. घरी गेल्यावर त्याची अम्मी त्याला आधी चप्पलेसाठी बदडते आणि मग जेवायला वाढते. मराठी अशुद्ध होते, वेलांट्या चुकल्या होत्या. परंतु वर्गात वाचून दाखवल्यावर मुले खो खो हसली आणि कुणीही म्हणाले नाही की गोष्ट चांगली झाली नाही.

असे शेवट आपल्या सिनेमानेही दिलेले आहेत, आणि ते मराठीपासूनच सुरू होतात. प्रभातचा 'शेजारी' १९४१चा. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगने पाकिस्तानचा ठराव केला होता. अशा वेळी व्ही. शांताराम यांनी विश्राम बेडेकरांच्या कथेवरून जीवबा आणि मिर्झा या दोन शेजाऱ्यांचा चित्रपट केला. मराठीत जीवबा केशवराव दाते यांनी केला, मिर्झा गजानन जागीरदार यांनी. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत तर हिंदू ठाकूरची भूमिका मजहर खान यांनी आणि मिर्झाची जागीरदारांनी केली. धरणाच्या निमित्ताने स्वार्थी माणसे दोघांत फूट पाडतात. दोघे दुरावतात. शेवटी धरण फुटते आणि दोघे म्हातारे एकत्र मरतात. आमच्या तलावांच्या जिल्ह्यात, एकीकडे चांदपूरचा जलाशय आणि दुसरीकडे बावनथडीचे धरण असताना, फुटणाऱ्या पाळीची भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. परंतु मला त्या शेवटात दिसते ती बरोबरी. संशय दोघांनी घेतला, हट्ट दोघांनी केला, मरण दोघांनी वाटून घेतले. मिर्झाला जीवबासाठी मरून काही सिद्ध करायचे नाही. तो जीवबावाचून जगू शकत नाही, एवढेच. मरूनही तो शेवट आपल्याला लहान करत नाही.

त्यानंतर 'गर्म हवा' (१९७३). इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदी यांची पटकथा, एम. एस. सथ्यू यांचे दिग्दर्शन. आग्र्याचे सलीम मिर्झा जोड्यांचा धंदा करतात. फाळणीनंतर एकेक नातलग पाकिस्तानात जातो. हवेली जाते, धंदा बसतो, मुलगी अमिना जीव देते. अखेर तेही निघतात. टांगा स्टेशनच्या वाटेला लागतो. वाटेत हक्कांसाठी निघालेला मोर्चा लागतो. मुलगा सिकंदर त्यात सामील होतो आणि मग सलीम मिर्झा स्वतः खाली उतरतात. बायकोला घरी परत पाठवतात आणि गर्दीत मिसळतात. बलराज साहनींचे ते अखेरच्या दिवसांतले काम, चित्रपट लोकांसमोर येण्यापूर्वीच एप्रिल १९७३ मध्ये ते गेले. हा शेवट सुखाचा आहे का? हवेली परत मिळाली नाही. अमिना परत आली नाही. तरी उठताना छाती भरून येते. कारण राहण्याचा निर्णय त्या म्हाताऱ्याने कुणाला खूश करायला घेतलेला नाही. तो इतरांसारखाच पोटाच्या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरला. असा शेवट आपल्याला जगायला जागा देतो.

श्याम बेनेगलांच्या 'मम्मो'त (१९९४) मम्मोला सरकार पाकिस्तानात धाडते. वर्षांनी ती परत येते, आणि पुन्हा कुणी धाडू नये म्हणून घरचे लोक तिच्या मृत्यूचा दाखलाच काढतात. कागदावर मेलेली आणि घरात हसत जगणारी! जिथे इतर चित्रपट आपल्याला मारून दाखला देतात, तिथे ही बाई दाखल्यावर मरून जगते. बी. आर. चोप्रांच्या 'निकाह'मध्ये (१९८२) नीलोफरला एक नवरा सोडतो आणि दुसरा मोठ्या मनाने तिला पहिल्याकडे परत करायला निघतो. शेवटी ती दोघांनाही सुनावते. मी वस्तू नाही, हे तिचे म्हणणे ती स्वतः मांडते. तो चित्रपट कितीही नाटकी असो, आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना तो पाठ असतो तो या शेवटामुळेच. नागेश कुकनूर यांच्या 'इक्बाल'मध्ये (२००५) ऐकू-बोलू न शकणारा शेतकऱ्याचा मुलगा भारताच्या संघात पोचतो. तो मुसलमान आहे, याचा कुणी पाढा वाचत नाही. त्याच्या कष्टाचे फळ त्याला मिळते, हामिदच्या चिमट्यासारखे.

आणि अलीकडचे? 'सैराट'चा (२०१६) शेवट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक सुन्न झाला होता. रक्ताने माखलेली ती लहान पावले सुखाची नव्हती, पण खरी होती. त्याच चित्रपटात परश्याचा मित्र सल्या आहे. तो मित्राच्या भानगडीत मार खातो, टिंगल करतो. त्याला देशप्रेम सांगावे लागत नाही आणि कुणासाठी मरावेही लागत नाही. नागराज मंजुळेंनी त्याला साधा दोस्त राहू दिले. २०२५च्या 'होमबाउंड'मध्ये तर नीरज घेवान यांनी जुना साचा उलटाच केला. टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या दोन मित्रांपैकी दलित चंदन वाटेत मरतो आणि मुसलमान शोएब उरतो. मित्राला घरी पोचवून त्याला पुढे जगायचे आहे. ज्यांनी जातीचे चटके जवळून पाहिले, त्यांना आपल्याला जिवंत ठेवणे जमले, याचा अर्थ आपल्या लेखकांनी शांतपणे शोधावा.

आता दोन आक्षेप उरतात. एक आपल्या धार्मिक मंडळींचा. मुळात सिनेमाच हराम, मग त्याच्या शेवटाची चर्चा कशाला? मी त्यांच्याशी मसल्यावर वाद घालणार नाही. एवढेच म्हणेन की, सिनेमा पाहणारी मुले तुमच्याच मोहल्ल्यातली आहेत आणि आता तो खिशातल्या मोबाइलवर येतो. तुम्ही पाहत नाही म्हणून त्यांच्या वहीतला सलीम बुडायचा थांबत नाही. दुसरा आक्षेप प्रतिमेची काळजी वाहणाऱ्यांचा. त्यांना प्रत्येक चित्रपटात, प्रत्येक कथेत मुसलमान डॉक्टर, कलेक्टर हवा आणि शेवट गोड हवा. हे जुन्या दुखण्यावर साखरेची पुडी बांधण्यासारखे आहे. मारून केलेले कौतुक नको, तसेच हारतुऱ्यांनी केलेलेही नको. आपली माणसे चुकोत, भांडोत, हरोत, मरोतही. पण ती आपल्या करणीने मरोत. 'शेजारी'तला मिर्झा मरतो, तेव्हा माझी काही तक्रार असते का?

म्हणून माझे सांगणे आपल्या कथाकारांना आहे. मुंबईच्या निर्मात्यांवर आपला काही अधिकार चालत नाही, पण आपल्या लेखणीवर चालतो. पुढच्या अंकासाठी कथा लिहाल, तेव्हा शेवटच्या पानावर थोडे थांबा. हा माणूस इथे का मरतो आहे? त्याच्या मरणाची गरज त्याला आहे, गोष्टीला आहे, की आपल्याला कुणाकडून शाबासकी हवी आहे म्हणून? तिसरे उत्तर आले तर त्याला घरी जाऊ द्या. त्याला जबलपूरची गाडी मिळू द्या. विडीच्या कारखान्यात पहिल्या दिवशी मुकादमाशी त्याचे वाजू द्या, पहिल्या पगाराची मनिऑर्डर म्हाताऱ्या बापाला पोचू द्या. बाप आंधळा असला तरी किती पैसे आले, हे तो पोस्टमनसमोर बोटांनी मोजून घेईल.

आणि अहमदला वाचवणे शक्यच नसेल, तर निदान मशिदीतून परत येणाऱ्या इमामसाहेबांबरोबर त्यांच्या घरापर्यंत चला. काठी टेकत ते दाराशी येतात, सवयीने मुलाला हाक मारतात. पन्नास वर्षांत ते घर कुणी दाखवले नाही. आता ते लिहिण्याचे काम आपले आहे.